फोनबरोबर खात्यातले पैसेही जातात ते कशामुळे : या चुका टाळा

गणपतीसाठी मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला माझा मामेभाऊ माणगावच्या आसपास जागा झाला, तेव्हा बर्थजवळच्या सॉकेटला चार्जरची वायर तेवढी लोंबत होती. शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून घेऊन तो खेड येईपर्यंत स्वतःच्याच नंबरवर रिंग देत राहिला. इकडे घरच्यांनी फोन लागत नाही म्हणजे गाडी बोगद्यात असेल, असे धरले. घरी पोहोचल्यावर मूर्ती आणण्याची गडबड होती, म्हणून ‘विसर्जन झाल्यावर बघू’ असे ठरले, आणि दीड दिवसाचा गणपती पोहोचवून तो बँकेत गेला तेव्हा खाते जवळजवळ रिकामे झाले होते. फोनच्या किमतीपेक्षा गेलेली रक्कम कितीतरी मोठी होती.

फोनला लॉक होते, मग पैसे गेले कसे, हा प्रश्न त्याच्याप्रमाणे आम्हा सर्वांना पडला. उत्तर फोनच्या कव्हरमध्ये होते. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या त्या कव्हरच्या कप्प्यात त्याने आधार कार्ड आणि एटीएम कार्ड ठेवले होते. एसटीत, रेल्वेत, बाजारात पाकीट वेगळे सांभाळायला नको म्हणून आपल्याकडे असंख्य माणसे असेच करतात, आणि माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे. चोराला फोनचे लॉक उघडावेच लागत नाही. तो सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो, त्या नंबरवर यूपीआय ॲप सुरू करतो, आणि नवा यूपीआय पिन ठरवण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि नंबरवर आलेला ओटीपी एवढेच अनेक बँकांत लागत असल्यामुळे सर्व साहित्य त्याला एकाच कव्हरमध्ये मिळते. फोनच्या गॅलरीत कार्डांचे आणि पासबुकाचे फोटो ठेवणे, किंवा संपर्क यादीत ‘एटीएम’ या नावाने पिन लिहून ठेवणे, हीसुद्धा त्याच जातीची चूक आहे.

यावरचा उपाय सोपा असूनही फारच थोडे लोक तो करतात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ नावाची सोय असते. ती सुरू केली की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर किंवा फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आधी सिमचा पिन विचारला जातो आणि तो दिल्याशिवाय नेटवर्क मिळत नाही. मात्र पहिल्यांदा ही सोय सुरू करताना सिम कंपनीने ठरवलेला मूळ पिन द्यावा लागतो, तो ग्राहक सेवेकडून विचारून घ्यावा, अंदाजाने टाकू नये. तीनदा चुकल्यास सिम अडकते आणि ते उघडायला पीयूके नावाचा वेगळा क्रमांक लागतो, आणि तोही दहा वेळा चुकल्यास सिम कायमचे निकामी होते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनला हे लॉक लावाल तर पिन त्यांच्या डायरीत स्वतःच्या हाताने लिहून द्या, कारण बॅटरी उतरून फोन बंद पडला की पुन्हा सुरू होताना पिन मागेल आणि आजी घाबरून जाईल. ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेले सिम, असेल तर ते काढून दुसरीकडे घालता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देणे ही आणखी एक चूक, कारण मग लॉक असलेल्या फोनवरही ओटीपी वाचता येतो. सूचनांच्या सेटिंगमध्ये संवेदनशील मजकूर लपवण्याचा पर्याय निवडावा. पॅटर्नचा तेलकट माग काचेवर उमटून राहतो आणि जन्मसाल कोणीही ओळखतो, त्यामुळे स्क्रीनसाठी सहा अंकी पिन बरा.

चोरी झाल्यावर कोणते काम आधी करावे, यातही लोक चुकतात. सिम आधी बंद केले की फोनचे इंटरनेट तुटते आणि दूरवरून लॉक करण्याचा आदेश फोनपर्यंत पोहोचत नाही. म्हणून सोबत्याचा फोन हाती येताच पहिल्या दोन-तीन मिनिटांत अँड्रॉइडवर गूगलच्या ‘फाइंड हब’ने किंवा आयफोनवर ‘फाइंड माय’ने फोन लॉक करावा. ते लगेच जमले नाही तर तेथे अडून न राहता कंपनीला फोन करून सिम बंद करावे आणि त्यामागोमाग बँकेला कळवून कार्ड व यूपीआय थांबवावे. दुसऱ्या फोनवरून गूगल खाते उघडताना लागणारे दुहेरी पडताळणीचे संकेत चोरीला गेलेल्या फोनवरच येतात, त्यामुळे त्यांच्याऐवजी चालणारे गूगलचे बॅकअप कोड कागदावर लिहून घरी ठेवलेले असावेत. पैसे गेल्याचे दिसताच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे. येथे एकेक तास मोलाचा असतो, कारण रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. मामेभावाचे दोन दिवस नेमके येथे महाग पडले.

‘चोरी पनवेलला झाली की माणगावला, हेच ठाऊक नाही, मग तक्रार घेणार कोण’ असे म्हणून पुष्कळ चाकरमानी पोलिसांकडे जातच नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची माहितीही कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, त्यामुळे खेड, रत्नागिरी, कणकवली, जेथे उतराल तेथे तक्रार द्या. गाडीतच चोरी लक्षात आली तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवा. तक्रार ‘गहाळ’ म्हणून नव्हे, तर चोरी म्हणूनच नोंदवून घ्या.

त्यानंतर त्याच नंबरचे नवे सिम घ्यावे आणि ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, ब्लॉक करण्याची विनंती नोंदवावी. २०२३ पासून ही सोय देशभर आहे, तिला पोलीस तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपी नव्या सिमवर येतो. ब्लॉक झालेला फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. पंधरा अंकी आयएमईआय फोन हातात असतानाच *#०६# डायल करून पाहावा आणि बिलाच्या झेरॉक्सवर लिहून ठेवावा.

यानंतर काही दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला आहे’ असा लिंकसह मेसेज येऊ शकतो. आयफोन हरवलेल्यांना असे मेसेज विशेषकरून येतात आणि लिंकवर पासवर्ड टाकला की चोराला फोन मोकळा करून विकता येतो, म्हणून अशा लिंकला हात लावू नये. फोन खरोखरच परत मिळाला तर ‘संचार साथी’वरूनच तो अनब्लॉक करावा लागतो, त्यासाठी ब्लॉक करताना मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवावा.