इंग्लिश लिहिताना विशेषणं जरा हात आखडूनच वापरा

रेझ्युमे उघडला की पहिल्याच ओळीत हार्डवर्किंग, डेडिकेटेड, डायनॅमिक अशी रांग लागलेली असते, आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही कारण आधीच्या दहा जणांनीही हेच लिहिलेलं असतं. म्हणून लिहून झालं की एकेका विशेषणावर बोट ठेवा, ते वगळून वाक्य वाचा, अर्थ तोच राहिला तर सरळ उडवा. 'फ्री गिफ्ट', 'पास्ट हिस्टरी' यात पहिला शब्द फुकटच बसलाय. पण 'पेंडिंग बिल' मधलं पेंडिंग काढलं तर कुठलं बिल तेच कळणार नाही, ते राहू द्या.

काढल्यावर वाक्य पोकळ वाटतंय? मग तिथे माहिती टाका. 'एक्सटेन्सिव्ह एक्सपिरियन्स इन अकाउंट्स' म्हणण्यापेक्षा 'आय फाइल जीएसटी रिटर्न्स फॉर ट्वेल्व्ह क्लायंट्स' लिहा ना, बारा म्हटल्यावर एक्सटेन्सिव्ह म्हणायची गरजच उरत नाही (अर्थात बारा क्लायंट खरंच असतील तर!). 'व्हेरी' पण असंच, 'व्हेरी टायर्ड' ऐवजी 'एक्झॉस्टेड' चालतं, पण बहुतेक वेळा नुसतं 'टायर्ड' पुरतं.

आता जे उरलं ते बरोबर आहे का बघा. सगळ्यात जास्त गोंधळ इंग आणि एड चा. 'आय ॲम बोरिंग' म्हणजे मला कंटाळा आलाय असं नाही, मीच कंटाळवाणा आहे असं होतं, आणि नोकरीच्या मेलमध्ये 'आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट' गेलं की समोरचा हसणारच. आपल्या मनात काय झालं ते सांगताना एड, ज्यामुळे झालं त्याला इंग.

मराठीतली सवय पण मध्ये येते. आपण 'गरम गरम चहा' म्हणतो, 'छोट्या छोट्या चुका' म्हणतो, इंग्लिशमध्ये 'स्मॉल स्मॉल मिस्टेक्स' नको, 'मेनी स्मॉल मिस्टेक्स' किंवा 'अ फ्यू स्मॉल मिस्टेक्स' करा. आणि आपल्याकडे चांगला-चांगली-चांगले बदलतं तसं तिथे बदलत नाही, म्हणून वीस पानी रिपोर्ट हा 'ट्वेंटी-पेज रिपोर्ट', पेजेस नाही, मध्ये ती छोटी आडवी रेघ मात्र हवी. 'मोअर बेटर' नको, 'मच बेटर' चालतं. 'सीनिअर दॅन मी' पण नको, 'सीनिअर टू मी'.

क्रमाचा नियम आहे, आधी मत, मग साइज, वय, रंग, कुठलं, कशाचं, म्हणजे 'अ नाइस ओल्ड ब्राऊन लेदर बॅग'. पाठ करत बसू नका, तीन-चार विशेषणं लागोपाठ आली तर क्रम तपासण्याआधी एखादं काढूनच टाका.

राहिलं एक, एखादी गोष्ट कशी दिसते, वाटते, लागते हे सांगताना लुक, फील, टेस्ट, स्मेल यांच्यानंतर विशेषणच येतं. 'द फूड टेस्ट्स गुड', वेल नाही. 'आय ॲम वेल' मधलं वेल मात्र बरोबर आहे, तिथे ते तब्येतीबद्दल असतं.