व्हायोलिनच्या नादाचे वर्णन मशीन लर्निंगने करताना या चुका टाळा

नाद भरदार आहे की पातळ, मऊ आहे की तीक्ष्ण, हे सांगणारे मॉडेल चाचणीत जवळजवळ बिनचूक ठरते आणि नवे व्हायोलिन समोर येताच चाचपडू लागते, तेव्हा दोष बहुधा माहितीच्या विभागणीत असतो. एकाच वाद्याचे ध्वनिमुद्रण तीन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत कापून ते तुकडे सरमिसळ करून प्रशिक्षण व चाचणीत वाटले, तर तेच वाद्य, तोच वादक, तोच गज आणि तीच खोली दोन्हीकडे येते. म्हणून विभागणी वाद्यांची करावी. चाचणीतल्या व्हायोलिनचा एकही स्वर प्रशिक्षणात नसावा.

विभागणी अशी केली, तरी गज तारेला टेकण्यापूर्वीची अर्ध्या सेकंदाची शांतता प्रत्येक ध्वनिमुद्रणातून कापून घ्यावी आणि केवळ तिच्यावर तेच मॉडेल शिकवून पाहावे. एकही स्वर नसताना ते 'भरदार' आणि 'पातळ' वेगळे काढू लागले, तर खोली व मायक्रोफोन यांची छाप माहितीत उतरली आहे, हे निश्चित समजावे. माझ्या मते ही परीक्षा कधीही वगळू नये.

दुसरी चूक लेबलांची, म्हणजे श्रोत्यांनी प्रत्येक तुकड्याला दिलेल्या 'भरदार', 'तीक्ष्ण' अशा विशेषणांची. २०१० साली इंडियानापोलिस येथे २१ वादकांनी डोळ्यांवर गडद गॉगल लावून सहा व्हायोलिने वाजवली. त्यांत नामांकित जुन्या कारागिराची स्ट्रॅडिव्हेरियसही होती, पण बहुतेकांना आपल्या आवडीचे वाद्य जुने की नवे हे सांगता आले नाही. कारागिराचे नाव ठाऊक असलेल्या श्रोत्याचे लेबल म्हणूनच वापरू नये. शिवाय प्रत्येक श्रोत्याला काही तुकडे नकळत दोनदा ऐकवावेत. ज्या विशेषणाबाबत त्याची स्वतःचीच दोन उत्तरे जुळत नाहीत, ते विशेषण मॉडेलला शिकवण्यात अर्थ नाही.

वैशिष्ट्ये, म्हणजे मॉडेलला द्यायची ध्वनीची मोजमापे, काढतानाही फसगत होते. मोकळ्या जी तारेचा स्वर १९६ हर्ट्झचा, तर ई तारेचा सुमारे ६५९ हर्ट्झचा असतो. एका वाद्यावर वरच्या तारांचे वादन अधिक झाले, तर त्याचा सरासरी स्पेक्ट्रल सेंट्रॉइड (ध्वनीतील कंपनसंख्यांचा भारित मध्य) वाढतो आणि मॉडेल त्याला तीक्ष्ण ठरवते. गज घोडीजवळ (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीजवळ) चालवल्यानेही असेच घडते. यासाठी सर्व वाद्यांवर एकच स्वरावली अनेक वादकांकडून वाजवून घ्यावी आणि तुलना स्वरागणिक करावी. प्रत्येक तुकड्याचा आवाज एका पातळीवर आणल्यास वाद्याचा जोर मात्र कळेनासा होतो. तो मूळ ध्वनिमुद्रणावरून वेगळा मोजून ठेवावा.