होमर कबूतर घरी परतायला कसं शिकवायचं

ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यात, कुठली जात ठेवायची, हे कामावर ठरवा. देखणेपणासाठी लक्का, तासन्‌तास उंच घिरट्या घालायला गिरेबाज. लांबून सोडल्यावर घर गाठायचं असेल तर मात्र होमरच. बेल्जियममध्ये एकोणिसाव्या शतकात घडवलेली ही जात. १९४६ मध्ये ओडिशा पोलिसांनी लष्कराकडून होमर घेऊन निरोपांची सेवा सुरू केली, ती याच गुणावर. त्यांची एक पद्धत फार हुशारीची होती: मुक्काम एका ठाण्यात, दाणा दुसऱ्यात, म्हणजे कबूतर दोन्हीकडे ये-जा करतं.

मोठं होमर विकत आणून सोडू नका, ते जुन्या ढाबळीकडेच जाईल. जोडी बंद ठेवा आणि तिची पिल्लं तयार करा. अंडी दोन, १७-१८ दिवसांत पिल्लं. सातव्या-आठव्या दिवशी पायात ओळखीची कडी घाला: पुढची तीन बोटं एकत्र धरून आत सरकवा, मग मागचं बोट हळूच ओढून बाहेर काढा. उशीर झाला की पंजा कडीत मावत नाही.

कोल्हापूरच्या पावसात ढाबळीचं दार पूर्वेला ठेवा, झड पश्चिमेकडून येते. दाणा ओलसर राहिला की बुरशी धरतो आणि पिल्लं आजारी पडतात. दाण्याचा हिशोब कबुतरामागे करा: रोज ३०-३५ ग्रॅम ज्वारी, मका, हरभरा, शिवाय शिंपल्यांचा चुरा.

पिल्लू स्वतः दाणे टिपू लागलं, म्हणजे साधारण महिन्याचं झालं, की आठवडाभर दाराबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात बसवा. आजूबाजूची छपरं त्याच्या डोळ्यात भरायला हवीत. मग संध्याकाळी, दाण्याच्या वेळेआधी, उपाशी असताना दार उघडा आणि डबा वाजवून बोलवा. हुसकून कधीच उडवू नका. घाबरलेलं पिल्लू भरकटतं.

थवा रोज अर्धा तास घिरट्या घालू लागला की टोपलीतून पुणे हायवेच्या दिशेने न्या: आधी शिरोली, मग किणी, शेवटी कराड. एका ठिकाणाहून सरळ घरी येईपर्यंत पुढचं ठिकाण नको. पहिल्यांदा थव्यात सोडा, नंतर एकेकटं, कारण थव्यात कच्चं कबूतर दुसऱ्यामागे येतं आणि त्याची पारख होत नाही. सकाळी, स्वच्छ आभाळातच सोडा. वारा नसेल तर कराडहून सव्वा तासात यायला हवं. जून ते सप्टेंबर टोपली उचलूच नका.