दमा आहे? मग नाकाच्या या चुका टाळा

"गोव्यात हवा एवढी दमट, इथे नाक कोरडं पडतंच कुठे?" असं मी पण म्हणायचे. दमा लहानपणापासून, आणि लक्ष सगळं पंपावर (इनहेलरवर). पण जरा हिशोब बघा. फुफ्फुसात खोलवर पोचेपर्यंत हवा 37 डिग्री आणि पूर्ण ओली व्हावी लागते, म्हणजे एका लिटरमागे साधारण 44 मिलिग्रॅम पाणी. बाहेर 28 डिग्री आणि 80 टक्के दमटपणा धरला तर हवेत असतं 22 च्या आसपास, बाकीचं वाटेत घालावं लागतं आणि ते काम मुख्यतः नाकाचं. एसी 24 वर लावून झोपलात आणि दमटपणा 50 टक्क्यांवर आला तर हवेत जेमतेम 11! त्यात 2001 साली शिकागोच्या संशोधकांना असं दिसलं की दमेकऱ्यांचं नाक थंड कोरडी हवा ओली करण्यात इतरांपेक्षा कमी पडतं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक, तोंडाने श्वास. डिसेंबरात सकाळी पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर मैत्रिणीशी गप्पा मारत धावायचे, थांबलं की पाच-दहा मिनिटांनी छातीत शिट्टी वाजायची आणि मला वाटायचं पंपच संपला असेल. खरं तर तोंडाने भराभर घेतलेली हवा आतल्या नळ्यांचं पाणी ओढून घेते, अस्तर कोरडं पडलं की नळ्या आवळतात. आता आधी दहा मिनिटं नुसतं चालते, तोंड बंद ठेवून. जोरात धावताना तोंड उघडणारच, त्यासाठी धावण्याआधी पंप घ्यायचा का हे डॉक्टरांना विचारा.

नाकच चोंदलं असेल तर? इथे लोक थेंब घालतात, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनवाले, दोन मिनिटांत नाक मोकळं, मग सोडवतच नाय. आमच्या शेजाऱ्याची बाटली वर्षभर स्कूटरच्या डिकीत होती. पाचेक दिवसांच्या वर घातले की थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं. स्टिरॉइडचा स्प्रे वेगळा, तो रोज मारायचा असतो आणि गुण यायला दिवस लागतात, दोनदा मारून "काय फरक नाय" म्हणून टाकून देऊ नका. मारताना डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो, नायतर रक्त येतं (मला यायचं). आणि जोरात ओढू नका, सगळं घशात जातं.

मिठाच्या पाण्याने नाक धुता? छान, पण विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी उकळून गार केल्याशिवाय नको, नळाचंही नको. वाफ घेताना मुलांसमोर उकळतं टोप ठेवणं तर अजिबात नको, भाजतं.

धुरातले बारीक कण मात्र नाकालाही अडवता येत नाहीत. दिवाळीच्या पहाटे गोव्यात नरकासुराचे पुतळे जाळतात तेव्हा वारा कुठून येतोय ते बघून उभी राहते, पंप खिशात.