तक्त्यासमोर बसवण्याआधी: नव्या मदतनीसांसाठी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवी मुलगी आली की मी तिच्या हातात आधी टेप देते. नजर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यापासून पेशंटच्या डोळ्यापर्यंत 6 मीटर नीट मोजायचे, फरश्या मोजून अंदाज करायचा नाही. तक्त्यावर भरपूर उजेड हवा.

मग विचारा, "आजी, गुजराती वाचता की मराठी?" बडोद्यातल्या कित्येक आज्या गुजराती फाडफाड बोलतात, पण वाचतात देवनागरीच. अक्षर ओळखता आलं नाही म्हणजे नजर कमी, असं लिहून टाकणं हा पेशंटवर अन्याय आहे. वाचताच येत नसेल तर इंग्रजी ‘ई’चा तक्ता घ्या, दांडे कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवू द्या.

उजवा डोळा आधी. डावा झाकणीने झाका, बोटांनी नको: फटीतून दिसतं, आणि दाबला गेला तर नंतर तोच धूसर वाचतो. डोळे बारीक करू देऊ नका. आधी विनाचष्मा, मग चष्म्यासह, नोंद वेगवेगळी. 6/18 म्हणजे चांगल्या नजरेला 18 मीटरवरून दिसणारी ओळ या पेशंटला 6 मीटरवरून दिसते.

6/6 आलं नाही तर पिनहोल, म्हणजे बारीक भोक असलेली झाकणी, लावा. जास्त ओळी वाचल्या तर बहुधा चष्म्याच्या नंबरचा प्रश्न. नाही वाचल्या तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

डोळ्यात चुना किंवा ॲसिड गेलेला माणूस आला तर तक्ता राहू द्या. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा आणि डॉक्टरांना हाक मारा.