सायकलचे पायडल बदलताना या चुका टाळा

रोज ऑफिसला जाण्यायेण्याच्या सायकलचे पायडल बदलणे हे पंक्चर काढण्याइतके किरकोळ काम मानले जाते. नवे पायडल काहीशे रुपयांत मिळते हे खरे. परंतु ते ज्या क्रँकमध्ये (पायडल जोडलेल्या दांड्यात) बसते, त्या क्रँकमधले आटे एकदा गेले की खर्च पायडलाच्या किमतीपुरता उरत नाही. म्हणून रंगाआधी आणि रूपाआधी आट्यांचा विचार करावा.

पहिली चूक मापाची असते. मोठ्या माणसांच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंचाचे, म्हणजे सुमारे १४.३ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचे पायडल लागते. ज्या सायकलींचा क्रँक दोन्ही बाजूंसह एकाच सळईतून वाकवलेला असतो (लहान मुलांच्या कित्येक सायकलींत तसा असतो), त्यांना १/२ इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे लागते. दोन्ही मापांत इंचाला २० आटे असल्यामुळे नुसत्या नजरेने फरक लक्षात येत नाही. मोठे पायडल लहान भोकात शिरतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच पकडली जाते. लहान पायडल मोठ्या भोकात मात्र सैल डुलत राहते, आणि त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेण्याचा सल्लाही कोणीतरी देतोच. तो ऐकू नये. जुने पायडल काढून दुकानात सोबत न्यावे, किंवा व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या पट्टीने) त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजावा.

दुसरी चूक अधिक महाग पडते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. उजवे पायडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तर डावे त्याच्या विरुद्ध दिशेने घट्ट होते. जोडीवर बहुधा ‘एल’ आणि ‘आर’ ही इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात, ती आधी वाचावीत. काढताना गोंधळ होऊ नये यासाठी एक सोपी खूण आहे: पाना पायडलाच्या आसावर उभा, म्हणजे त्याची मूठ वर येईल असा लावला, तर कोणतेही पायडल मूठ मागच्या चाकाकडे खेचल्यावर सैल होते. क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा आणि पायडलाचा आस पोलादी असल्यास तिरपा घुसलेला आस क्रँकमधले आटे सहज कापतो. म्हणून आट्यांना ग्रीस लावून पहिले तीन-चार फेरे हातानेच द्यावेत, आणि बोटांना अडथळा जाणवला तर पान्याने रेटण्याऐवजी पायडल काढून पुन्हा सरळ धरावे. शेवटी १५ मिलिमीटरचा पाना, किंवा आसाला मागून षटकोनी खाच असल्यास त्या मापाची अ‍ॅलन की वापरून ते चांगले घट्ट करावे. ग्रीस न लावता बसवलेले पायडल दोन पावसाळ्यांनंतर काढू पाहणाऱ्याची दमछाक ठरलेली असते.

उलट्या आट्यांचे कारण अनेकांना चुकीचे ठाऊक असते. पायडल बेअरिंगच्या घर्षणाने सैल होऊ नये म्हणून ही योजना असावी, असे वाटते; प्रत्यक्षात घर्षण पायडलाला सैल होण्याच्याच दिशेने ओढते. आसावरचा भार क्रँकच्या भोकात गोल फिरत राहिल्याने आस किंचित उलट्या दिशेने सरकतो, आणि हा परिणाम घर्षणापेक्षा प्रबळ असल्यामुळे पायडल घट्ट राहते. बेअरिंग जाम झाले, तर मात्र पायडल स्वतःला उलगडू लागते. तेव्हा पुन्हा पुन्हा सैल होणारे पायडल नुसते घट्ट करत बसण्यापूर्वी ते मोकळे फिरते का, हे पाहावे.

निवड करताना डोंगरी सायकलीसाठीची टोकदार पिनांची पायडले घेण्याचा मोह होतो. चिखलात त्यांची पकड उत्तम असते, परंतु चपलेचा तळ त्या पिना कुरतडतात, आणि सिग्नलला पाय घसरला तर नडगी सोलवटते. साधे गुळगुळीत प्लास्टिक पावसात निसरडे होते. माझ्या मते ऑफिसच्या बुटांसाठी खरबरीत पृष्ठभागाचे, रुंद नायलॉनचे पायडल पुरेसे आहे. मात्र त्यावर रिफ्लेक्टर असावा, कारण रात्री वर-खाली हलणारा प्रकाश मागच्या चालकाला थांबलेल्या प्रकाशापेक्षा लवकर सायकलीची ओळख पटवून देतो.

खटखट आवाज येतो म्हणून पायडल बदलणारेही बरेच असतात. आधी पायडल हातात धरून हलवावे: फक्त त्याचे अंग हलले तर छर्रे किंवा बेअरिंग झिजले आहे, आसासकट हलले तर दोष आट्यांत आहे, क्रँकच डुलत असेल, तर जुन्या काळ्या सायकलीत बहुधा कॉटर पिन (क्रँकला त्याच्या आसावर पकडून ठेवणारी खीळ) सैल झालेली असते, आणि नवे पायडल लावूनही तो आवाज तसाच राहतो.