डोंगरातलं मुक्कामाचं घर कसं तपासावं? आधी पाणी आणि संडास बघा

डोंगरातली मुक्कामाची घरं तपासायचे जे तक्ते फिरत असतात, त्यांत पहिला प्रश्न हमखास सोलरचा आणि दुसरा बांबूच्या खुर्च्यांचा असतो. ते तक्ते बाजूला ठेवा. अकोले तालुक्यातल्या साम्रद, रतनवाडीसारख्या गावांत एखादं घर डोंगराला झेपतं की नाही, हे झऱ्यावर आणि संडासामागे कळतं.

दिवस निवडा तो काजव्यांच्या हंगामातला शनिवार, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीचा. झरा तेव्हा सगळ्यात बारीक असतो आणि गर्दी सगळ्यात मोठी. ऑक्टोबरातली हिरवळ बघून दिलेला शेरा मी वाचतसुद्धा नाही.

झऱ्याखाली हंडा लावा आणि घड्याळ बघा. 15 लिटरचा हंडा भरायला 12 मिनिटं लागली, तर दिवसाला 1800 लिटर झाले. 40 पाहुण्यांना माणशी फक्त 20 लिटर धरले तरी त्यातले 800 गेले. उरलेल्यात अख्खी वाडी आणि तिची गुरं. पाहुण्यांना पाणी किती लागतं हे मालकाला विचारू नका, पाणी भरणाऱ्या मावशींना विचारा. त्यांच्या डोक्यावरून हंडे गेलेले असतात, त्या खेपा मोजून सांगतात.

सरपण सकाळी काट्यावर तोला, रात्री उरलेलं पुन्हा तोला. गॅस दिसला म्हणून चूल बंद आहे असं समजू नका, आंघोळीचं पाणी कशावर तापतं ते बघा. कचऱ्यासाठी घरामागच्या उतारावर एक फेरी पुरते. कारवीच्या, शेणाने सारवलेल्या भिंती असतील तर उत्तम, पुढे चला.

आता संडास. इथे मी स्वतः चुकलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

शोषखड्डा पाण्यापासून अमुक मीटर लांब असला की झालं, असं सगळे सांगतात. मीही एका घरी टेप लावला, 30 मीटर भरले, ‘योग्य’ लिहून मोकळा झालो. पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत त्या वाडीतली लहान मुलं जुलाबांनी आडवी झाली. परत जाऊन बघितलं, तर खड्डा वरच्या टेपाडावर आणि झरा बरोबर त्याच्या खालच्या कड्यात. मी अंतर मोजलं होतं, उंची बघितलीच नव्हती.

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर. कातळ भेगाळलेला, आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा. पाणी भेगांतून खाली उतरतं, त्या पट्ट्यावर अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर पडतं. जाड मातीतून पाणी गाळलं जातं, भेगेतून नाही. म्हणून टेप काढण्याआधी खाली उतरा, झऱ्यापाशी उभे राहा आणि मान वर करून खड्डा कुठे येतो ते बघा. झऱ्याच्या वरच्या अंगाला कातळात खोदलेला खड्डा असेल, तर मीटर कितीही भरोत, मी ते घर नापास करतो.

खात्री करायला पहिल्या जोरदार पावसानंतर दुसरी फेरी माराच, कारण उन्हाळाभर साठलेली घाण तेव्हाच खाली उतरते. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली घेऊन जा. ही स्वस्त चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 साली मांडली. खुणेपर्यंत झऱ्याचं पाणी भरा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, आणि बाटली उबेत ठेवा. पावसाळ्यात तिथे गारठा असतो. मी फडक्यात गुंडाळून भाताच्या पेंढ्यात खुपसून ठेवतो. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं, तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता आहे. ते पाणी उकळल्याशिवाय कुणालाही पिऊ देऊ नका. काळं पडलं नाही तरी एका बाटलीवर विसंबू नका. आठवड्याच्या अंतराने आणखी दोन भरा.

घाण त्याच खड्ड्यातून येते का, हे मिठाने कळू शकतं. मालकाला विचारून पाच किलो मीठ पाण्यात विरघळवून खड्ड्यात ओता आणि तीन दिवस दर चार तासांनी झऱ्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. आदल्या दोन दिवसांचे आकडे हाताशी हवेत, शेजारच्या दुसऱ्या झऱ्याचेही हवेत, कारण पावसाने आकडा एरवीही हलतो. फक्त एकाच झऱ्याचा आकडा चढला, तर वाट सापडली. चढला नाही म्हणून खड्डा सुटला असं मात्र नाही. मीठ वाटेत पातळ होतं.

निकाल आधी घरमालकाला सांगा, तोही तेच पाणी पितो. उपाय त्याच्या आवाक्यातला आहे: झऱ्याच्या खालच्या अंगाला, मुरमाड मातीत दोन खड्ड्यांचा संडास. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिला वर्षभर बंद ठेवून त्याचं खत करायचं. फक्त त्या नव्या जागेच्याही खाली कुणाचं पाणी नाही ना, हे बघून मगच कुदळ मारायला सांगा.